एका महिन्याचं जेवणखाण

कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल,
वर पत्रा, पत्र्यावर सोलापूरचं ऊन.
एप्रिलात टाइपरायटरच्या कळा बोटांना चावतात.
बाई आली तेव्हा मी कुणाच्या तरी हक्कसोडपत्रात
'राजीखुशीने' हा शब्द बडवत होतो.

नाव सांगितलं, बालमणी.
पुढे?
पुढे काय लावायचं, तुम्हीच सांगा की ओ.
मयत नरसय्या लचमय्या कोंडा, वय एकसष्ट,
राहणार अशोक चौकामागे, धंदा यंत्रमाग.
'नाते' या रकान्यापाशी मी थांबलो.
तीही थांबली.
रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजत राहिलं.

बावीस वर्षं एका खोलीत. लग्न नाही, लेकरू नाही.
तिसऱ्या दिवशी करीमनगरहून दोन पुतणे आले,
राख सावडून झाल्यावर खोलीचं माप घेऊन गेले.
कायद्यात त्यांना जागा आहे, वर्ग दोन.
हिला वर्ग नाही.

बँकेच्या पुस्तकावर नामनिर्देशित म्हणून तिचं नाव.
पदराने पुसून दाखवलं.
मी म्हणालो, मावशी, नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे.
पैसा हातात घ्यायचा आणि वारसाच्या हाती द्यायचा.
म्हणजे कांडी, ती म्हणाली.
सूत माझ्यावर गुंडाळायचं, कापड दुसऱ्याचं.

पुस्तकात एकच कलम निघालं तिच्या मापाचं,
तीनशे वीस.
सगळ्या कर्जांच्या आधी,
सोसायटी, सावकार, किराणा, सगळ्यांच्या आधी
मयताच्या मिळकतीतून फेडायचा तो अंत्यविधीचा खर्च.
वाजवी. मयताच्या ऐपतीला शोभेल असा.

तेंदूपानाच्या वासाच्या पिशवीतून पावत्या निघाल्या.
बांबू, सुतळी, मडकं.
लाकूड तीन क्विंटल, गोवऱ्या वेगळ्या.
शववाहिका मोफत, ड्रायव्हरला दोनशे.
हलगीवाले चार.
चार ऐपतीत बसतात का ओ?
मी म्हणालो, दोन बसतील.
आणि अंगावरची चादर?
ती नका धरू. त्यानंच विणलेली.
मोराच्या शेपटीत एक तार चुकली
म्हणून मालकानं पगारातून कापून त्यालाच दिली.
फिटली ती तेव्हाच.

कलम पुढे जातं, मी वाचून दाखवलं :
डॉक्टरची फी, मरणशय्येचा खर्च,
आणि मरणाआधीच्या एका महिन्याचं राहणं-जेवण.
एकच महिना?
एकच.
बावीस वर्षांतला?
हो. शेवटचा.

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली
विड्यांची बंडलं मोजतात तशी,
ओठ हलत होते, तेलुगूत.
मग हात मांडीवर ठेवला.
साहेब, त्या महिन्यात तो जेवलाच नाही.
कण्यांची पेज दोन चमचे, तीपण उलटून यायची.
शेंगाचटणीचा नुसता वास मागायचा.
मी डबी उघडून नाकाशी धरायची, परत मिटायची.
वासाचं किती लावू?

याचा दर माझ्याकडे नव्हता.
मी कार्बन सरळ केला,
महिना तीस दिवसांचा धरला,
दिवसाला दोन जेवणं, भाकरी-भाजी-आमटी.
हे खोटं होईल ओ.
वाजवी आहे, मी म्हणालो,
आणि जरा जोरातच पुढची ओळ टाइप केली.
'नाते' यापुढे लिहिलं : खर्च करणारी.

तुमची फी?
ती कर्जात मोडते, म्हटलं. रांगेत शेवटी.
हसली नाही.
खाली सही केली, तेलुगूत,
गोल गोल अक्षरं, एकात एक अडकलेली,
एका नावाला लागतात त्याहून बरीच जास्त.
मला ती लिपी येत नाही.
आडनाव कुणाचं, मी विचारलं नाही.